तिच्या बोटाने उघडणारा फोन

४ मार्च, सोमवार

आज फोन घेतला. मी आणि धाकटी जाऊ, दोघी गेलो होतो. दुकानदाराने समोर सहा-सात फोन मांडले आणि एकेकाचे असे गुण गायले की जणू उपवर मुली दाखवतोय. मला सगळे सारखेच दिसले, काळ्या पाट्या. ‘कॅमेरा चांगला पाहिजे, बाकी काही नको,’ असं धाकटीनेच त्याला ठणकावलं. फोन माझा, पण खरेदी तिची. मला ते बरंच वाटलं, कारण चार परकी माणसं समोर आली की माझ्या तोंडाला कुलूप लागतं.

कशासाठी घेतला तेही लिहून ठेवते, नाहीतर वर्षभराने वाचताना मलाच वाटेल की बाईला म्हातारचळ लागला होता. नदीपलीकडच्या शिवण प्रशिक्षण केंद्रात कटिंग शिकवायला बाई हवी आहे. शिक्षणाची अट नाही, हातात काम हवं. अर्जासोबत कापतानाचे व्हिडिओ पाठवायचे. या खोलीत उभी राहून मी आयुष्यभर शर्ट, कोट, शाळेचे गणवेश कापत आले, आणि दुकानाच्या पाटीवर नाव अजून सासऱ्यांचं. एकदा तरी दहा-वीस बायकांसमोर उभं राहावं आणि हे माझं काम आहे असं म्हणावं, हे फार मनात आहे. यांना सांगितलं तर म्हणाले, ‘बघ बाई.’ म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. लग्न झाल्यापासून यांचं हे असंच आहे.

५ मार्च

फोन विकत घेतला म्हणजे तो आपला होतो असं मला वाटत होतं. तसं नसतं. आधी तो आपली उलटतपासणी घेतो. भाषा कोणती, नाव काय, जन्मतारीख काय. तुम्ही कुठे आहात हे मला कळू द्याल का, असंही विचारलं. दुकानात आहे, मी आणखी कुठे असणार? मग अटी आल्या. पानंच्या पानं. मी चष्मा लावून वाचायला बसले तर धाकटी हसायला लागली. ‘अहो वहिनी, हे कुणी वाचत नाही. होय म्हणायचं आणि पुढे जायचं.’ म्हटलं होय.

मग खातं मागितलं. ‘तुमचं नवीन काढत बसलो तर आजचे काज-बटण राहतील. सध्या माझंच टाकते,’ ती म्हणाली. ‘फोटो, व्हिडिओ सगळं आपोआप जपून ठेवलं जातं. उद्या फोन हरवला तरी काही जायचं नाही.’ किती विचार करते ही पोर.

खरी गंमत बोटाच्या ठशाला झाली. फोन म्हणे, बोट ठेवा. ठेवलं. पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवलं. ओलं करून ठेवलं, पुसून ठेवलं, डाव्या हाताचं, उजव्या हाताचं. नाहीच. धाकटीने माझा हात उजेडात धरला आणि म्हणाली, ‘वहिनी, इस्त्रीने तुमच्या बोटांवरची रेघन् रेघ गेली की हो.’ खरंच गेली आहे. मी कधी बघितलंच नव्हतं. मग तिने आपलं बोट टेकवलं. फोन लगेच टक् म्हणाला, जुनी ओळख असल्यासारखा. ‘तात्पुरतं माझं राहू दे,’ म्हणाली, आणि मला चार आकडे पाठ करायला दिले.

शेवटी आम्हा दोघींचा एक फोटो काढला. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी आहे. तिचा फोन आला की हाच फोटो पडद्यावर दिसेल अशी सोय तिने करून दिली.

जेवताना यांना सांगितलं की फोन माझा आणि उघडतो मात्र तिच्या बोटाने, तर हे ठसका लागेपर्यंत हसले.

८ मार्च

धारवाला आला होता. कात्रीला धार लावून घेतली. ही कात्री याच धारवाल्याच्या वडिलांनी माझ्यासाठी बनवून दिलेली. मी डावरी. लहानपणी आईने चिमटे काढून बघितले, इथे आल्यावर सासूबाईंनी टोमणे मारून बघितले, हात काही बदलला नाही. साध्या कात्रीने डाव्या हाताने कापलं की कापड पात्यांमध्ये दुमडतं. या कात्रीची पाती उलटी बसवली आहेत. डाव्या हातात ती लोण्यासारखी चालते. उजव्या हातात घेतली तर कापड चघळते.

दुकानात कुणाला मी तिला हात लावू देत नाही. धाकटीला वाटतं, मी कात्रीच्या बाबतीत खडूस आहे. तिने कधी विचारलं नाही, मीही सांगत बसले नाही. तसंही ती मशीनवरची राणी आहे. सरळ शिलाई म्हणजे तिचीच. पण अखंड कापडावर कात्री टाकायची म्हटलं की मला हाक मारते. लग्न होऊन आली तेव्हा तिला बटणसुद्धा लावता येत नव्हतं. मी शेजारी बसवून, बोट धरून शिकवलं.

११ मार्च, सोमवार

आज व्हिडिओ काढले. मी ठेवणीतले कपडे घातले, केस नीट केले. धाकटी बघून म्हणाली, ‘कशाला एवढं? चेहरा नकोय त्यांना, फक्त काम बघतात.’ मी म्हटलं, एखाद्या ठिकाणी तरी येऊ दे की. तर म्हणाली, ‘नियम आहे, वहिनी.’ नियम असेल तर काय बोलणार.

टेबलावर तिने पांढरी चादर अंथरली, म्हणजे कापड उठून दिसतं. फोन माझ्या समोर उभा केला, पडदा माझ्याकडे. मागच्या बाजूचा कॅमेरा चांगला ना, असं मी विचारलं. दुकानदाराने त्याचंच तर कौतुक केलं होतं. ‘याने काय दिसतंय ते बघता येतं,’ ती म्हणाली. मी काही बघितलं नाही. कापताना मी कापडाकडे बघते.

आणि तिचं आणखी एक कौतुक लिहायचं आहे. तिचं ते हिरव्या तबकडीचं घड्याळ, जे ती अंघोळीखेरीज काढत नाही, ते स्वतः काढून माझ्या मनगटावर बांधलं. ‘हात नुसता बोडका दिसतो. डावऱ्यांनी उजव्या हातात घालायचं असतं.’ मला भरून आलं. सख्खी बहीण काय करेल एवढं.

दिवसभरात शर्टाचा पुढचा भाग, कॉलर, बाही, कोटाचा पुढचा भाग, पाठ, सगळं कापलं, खिसेसुद्धा जागेवर लावून दाखवले. बघू तरी म्हटलं, तर म्हणाली जरा नीटनेटकं करून मग दाखवते. अर्जही तीच भरून पाठवणार आहे. मला एवढं सुचलं नसतं.

१९ मार्च

धाकटीला एक कोट हवा आहे. मुलाच्या शाळेत कसलीशी सभा आहे, तिथे चांगलं दिसायला हवं म्हणते. हातातलं गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून कापला. तिचं माप मला घ्यावं लागत नाही. डावा खांदा किंचित उतरता आहे, तो आत थोडं जाड अस्तर देऊन असा उचलला की कुणाला कळायचं नाही. ट्रायलच्या आरशासमोर उभी राहिली तेव्हा मीच बघत राहिले. अगदी शिक्षिका दिसत होती. तसं म्हटल्यावर लाजली आणि कॉलर चाचपत बसली.

केंद्राकडून काही कळलं का, विचारलं. ‘इतक्यात कुठलं, वहिनी. अर्ज ढिगाने आले असतील.’

२१ मार्च

धाकटी सभेहून आली ती कोट उतरवून सरळ मशीनवर बसली. मुलाची तक्रार ऐकावी लागली असेल. मी काही खोदून विचारलं नाही.

२७ मार्च

बँकवाल्या बाई कोट न्यायला आल्या होत्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. फोनवर काहीतरी काढून म्हणाल्या, ‘हे बघितलंत का? सध्या आमच्या ऑफिसात सगळ्याजणी हिलाच बघतात.’ कात्रीवाली असं नाव लावते कुणी बाई. चेहरा नाही, नाव-गाव नाही, नुसते हात. खाली संगीत. व्हिडिओ भरभर पळवलेला, पण काय सांगू, हात बघण्यासारखे आहेत. कात्री उचलत नाही, ढकलत नेते, माझ्यासारखीच. वळणावर अंगठा जरा बाहेर काढते, तेही माझ्यासारखंच. फक्त उजव्या हाताने. डाव्या मनगटावर घड्याळ, धाकटीच्या घड्याळासारखंच. बाजारात एक वस्तू आली की सगळ्यांच्या हातात दिसते.

खरं लिहायचं तर पोटात दुखलं. मी समजत होते की ही वळणं माझी मी शोधलीत. कुठे कोण बाई बसली आहे आणि तिलाही तेच सुचलं आहे. हिने केंद्रात अर्ज केला असेल तर माझं काही खरं नाही.

धाकटीला सांगितलं. तिच्या हातून बॉबिन पडली आणि पार कपाटाखाली गेली. ‘असे हजार व्हिडिओ असतात हो,’ म्हणाली. काढायला वाकली ती बराच वेळ वाकलेलीच होती.

२ एप्रिल

आता मी कात्रीवालीचे व्हिडिओ माझ्याही फोनवर बघायला शिकले. काज करता करता एखादा लावते. आज हसू आलं. एवढी हुशार बाई आणि शर्टाचा छातीचा खिसा उजवीकडे लावते. काजपट्टीही पुरुषांच्या शर्टाला बायकांच्या बाजूने. खाली एकाने विचारलं होतं, ‘ताई, खिसा उलट्या बाजूला का?’ तिने उत्तर दिलं होतं, ‘ही माझी खास पद्धत आहे.’ खास पद्धत म्हणे. माझ्याकडे शिकायला असती तर टेप हातावर हाणला असता. उगाच घाबरले मी हिला. ही खिसा चुकवते आहे तोवर मला आशा आहे.

केंद्राकडून अजून काही नाही. धाकटी रोज बघते म्हणते.

९ एप्रिल



दुपारी बँकवाल्या बाई दुसऱ्या कोटाच्या ट्रायलला आल्या. मी ट्रायलच्या खोलीत पाठीच्या चुण्या काढत होते. त्यांनी कात्रीवालीचा नवा व्हिडिओ लावून माझ्या हातात दिला, ‘बघा, तुमच्यासारखाच कोट कापतेय.’ मी त्यांच्या मागे उभी, समोर आरसा. फोन माझ्या हातात आरशाकडे तोंड करून होता आणि मी नजर वर केली ती सरळ आरशात गेली.

आरशात ते हात डावे झाले होते.

डाव्या हातात कात्री. उजव्या मनगटावर हिरवं घड्याळ. डाव्या अंगठ्याच्या खाली इस्त्रीचा डाग, लांबट. तो डाग मी रोज बघते. तो मला धाकटीच्या बाळंतपणात, घाईत तिच्या बाळाची दुपटी इस्त्री करताना पडला. कोटाचा खिसा बरोबर डावीकडे होता. खिसा कुणी चुकवलाच नव्हता, पडद्याकडच्या कॅमेऱ्याने सगळं आरशासारखं उलटं टिपलं होतं.

मी फोन खाली केला, हात उजवे झाले. वर केला, माझे झाले. बाई म्हणाल्या, ‘काय हो, फोन ओवाळताय का?’ मी काहीतरी बोलले. बगलेत जरा सैल करते म्हणाले बहुतेक. त्यांना पाठवलं आणि खोलीची कडी लावून खाली बसले. पांढरी चादर, चेहरा नको, नियम आहे, डावऱ्यांनी उजव्या हातात घालायचं. एकेक वाक्य पुन्हा ऐकू येत होतं आणि प्रत्येकाला मी कौतुकाने मान डोलावली होती.

बाहेर तिचं मशीन चालू होतं. एकसारखं, सरळ शिलाई.

१० एप्रिल

सकाळी विचारलं. वाटलं होतं नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं, मी कदाचित विश्वास ठेवला असता.

मशीनवरून हात न काढता म्हणाली, ‘सोमवारपासून वर्ग आहे माझा. तुम्हाला सांगणारच होते.’

मी म्हटलं, ‘हात माझे आहेत ते.’

‘हात तुमचेच आहेत. पण वहिनी, तुम्ही मुलाखतीला बोलला असता का? मागे शाळेच्या गणवेशाचं काम मागायला गेलात आणि दारातूनच परत आलात. मीच गेले ना मग आत? तुम्ही कापायचं आणि बाहेर मी बोलायचं, हे आजचं आहे का?’

‘मग मला विचारलं का नाहीस?’

‘विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?’

कदाचित हो म्हणाले असते. माझं नाव राहू दे, तू जा, असं म्हणण्याइतकी मी मूर्ख आहे. पण ते माझं मी द्यायला हवं होतं. तिने माझ्याच हाताने माझ्या घरात चोरी केली आणि वर माझ्याकडूनच कोट शिवून घेतला. तो कोट घालून ती मुलाखतीला बसली. उतरता खांदा मी उचलून दिला होता.

मग ती शेवटचं बोलली, ‘आणि मी चोरून काही केलं नाही. मोठ्या दादांना आधी विचारलं होतं.’

मोठे दादा म्हणजे हे. माझा नवरा.

हे बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. विचारल्यावर पान उलटून म्हणाले, ‘मला वाटलं तिने तुला सांगितलं असेल.’ मी समोरून हलले नाही तेव्हा पेपर खाली ठेवला. ‘अगं, तुला कशाला आता रोज नदीपलीकडे जा-ये? दुकान कुणी बघायचं? ती गेली काय, तू गेलीस काय, घरातल्या घरातच आहे ना?’

फोनच्या गोष्टीवर यांना ठसका लागेपर्यंत हसू का आलं असेल, असं आज मनात येतं.

१२ एप्रिल, शुक्रवार

एकटी केंद्रात गेले. दारापाशी पाय थांबले, पण धाकटीचं ते ‘दारातूनच परत आलात’ आठवलं आणि त्या रागाने आत ढकललं.

संचालिकाबाई भल्या वाटल्या. पाणी दिलं, ऐकून घेतलं. मी म्हटलं, ‘त्या व्हिडिओतले हात माझे आहेत.’ त्या म्हणाल्या, दाखवा. फोन काढला, चार आकडे टाकले, कात्रीवाली शोधली. हा व्हिडिओ उपलब्ध नाही. दुसरा लावला, तोही नाही. फोटोंच्या ठिकाणी गेले. ज्या दिवशी काढले तिथपासून सगळं कोरं. तिच्या खात्यात जपून ठेवलं होतं ना, तिथूनच तिने पुसलं. फोन हरवला तरी काही जायचं नाही म्हणाली होती. फोन माझ्या हातातच आहे.

बाईंनी कपाटातून कापड काढून दिलं. ‘बरं, कापून दाखवा.’ माझी कात्री मी पिशवीत नेली होती. कोटाचा पुढचा भाग कापला. हात जराही हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर कापत होते आणि शपथेवर सांगते, त्याहून सुंदर वळण मी कधी काढलं नसेल.

त्यांनी कापड उचलून उजेडात धरलं. ‘सुरेख,’ म्हणाल्या. ‘पद्धत अगदी तीच आहे. पण व्हिडिओतल्या बाई उजव्या हाताने कापतात, तुम्ही डाव्या.’ मी आरशाचं सांगायला गेले. फोन उलटं दाखवतो, खिसा उजवीकडे येतो, माझंच मला गोंधळाचं वाटायला लागलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. ‘जाऊबाईंनी छान शिकवलंय तुम्हाला. आता नेमणूक झाली आहे. जे काही असेल ते घरातल्या घरात मिटवा.’

पुलावरून चालत आले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी त्या पुसत नव्हते. जाऊबाईंनी छान शिकवलंय. हे वाक्य मी लिहून ठेवते, कारण उद्या मला वाटेल की मी ते नीट ऐकलं नसेल.

१३ एप्रिल

दुकान बंद ठेवलं. फोन घेऊन बसले. आता मला त्यातलं बरंच समजतं. एकेक दार उघडत उघडत बोटांच्या ठशांपर्यंत पोहोचले. तिथे एकच बोट साठवलेलं आहे आणि त्याला तिने नाव दिलं आहे: मोठ्या वहिनी.

बोट तिचं, नाव माझं. पहिल्या दिवसापासून. तेव्हा तिच्या मनात काही वाईट होतं की नाही, देव जाणे. कदाचित नसेलही. मला ते कळायचा आता मार्ग नाही आणि हेच मला सगळ्यात जास्त खातंय. मागच्या कितीतरी वर्षांकडे बघते, तिचं हसणं, तिचं वहिनी-वहिनी करणं, आणि प्रत्येक गोष्ट आरशासमोर धरून बघावीशी वाटते.

हा ठसा काढून टाकायचा का, फोनने विचारलं. होय म्हटलं. यावेळी वाचून म्हटलं.

१४ एप्रिल, रविवार

सकाळी धाकटी आली. उंबऱ्याशीच उभी राहिली. आत ये म्हणायची सवय तोंडापर्यंत आली होती, गिळली.

‘वहिनी, राग आहे ते कळतंय मला. थोडे दिवस जाऊ देत, मग बोलू.’ मग म्हणाली, ‘संचालिकाबाईंचा फोन होता. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर एक कोट कापून दाखवा म्हणतात. आणि व्हिडिओतलीच कात्री आणा, शिकाऊ बायकांना बघायची आहे. तेवढं मी निभावून नेईन. मी घरी आपल्या साध्या कात्रीने सराव केलाय, जमतंय. एका दिवसापुरती तुमची कात्री द्याल?’

माझ्या नावाचं काम नेलं, हात नेले, आता कात्री. मी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत म्हणाले, ‘दे ना. घरातलीच आहे.’

मी उठले. कात्री काढली, पात्यांना तेल लावलं, मऊ फडक्याने पुसली, दुसऱ्या फडक्यात गुंडाळली. तिने दोन्ही हातांनी घेतली. तिचे डोळे भरले होते, खोटं कशाला लिहू. जाता जाता वळली.

‘हिचं काही वेगळं असतं का हो? धरायचं वगैरे?’

एवढी वर्षं जे कुणी विचारलं नाही, ते आज विचारलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिचा चेहरा माझ्यासमोर होता, बोट धरून बटण लावायला शिकवलं होतं तेव्हाचाच.

मी म्हटलं, ‘नाही गं. कात्रीसारखी कात्री आहे.’

१५ एप्रिल, सोमवार

सकाळपासून हातात काही धरवत नाही. वर्ग दहाला सुरू होणार होता. पंधरा-वीस बायका असतील, खुर्च्या पुढे ओढून बसल्या असतील. संचालिकाबाई बाजूला उभ्या असतील. नवं कापड, त्यावर खडूची रेघ. ती त्या रेघेवर पातं ठेवेल, दाबेल आणि कापड कापणार नाही. दुमडेल. ती पुन्हा दाबेल, जोराने, आणि ते चघळल्यासारखं होईल. सगळ्या बघत असतील. घाबरली की तिला काही सुचत नाही हे मला माहीत आहे. घाबरली की ती मलाच हाक मारते.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. तसं वाटत नाही. वाईट वाटतंय असंही म्हणवत नाही. काल मीही तिच्यासारखंच तोंड भरून खोटं बोलले आणि ते मला किती सहज जमलं, एवढंच मनात फिरतंय.

फोन वाजतोय. पडद्यावर आम्हा दोघींचा फोटो आला आहे, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवलेला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजतोय. उचलून एवढंच सांगायचं आहे की अगं, डाव्या हातात धर. पण तिला डाव्या हाताने कापता कुठे येतं.

हे आतून विचारतायत, फोन का उचलत नाहीस, कुणाचा आहे? मी म्हटलं, घरातलाच आहे.

इस्त्री तापत ठेवली होती. उठते आता, बँकवाल्या बाईंचा कोट आज द्यायचा आहे.